देठ, पाणी आणि शिळेपण

फूल संपत जाण्याच्या क्रियेला मराठीत जितकी क्रियापदे आहेत, तितकी ते राखण्याच्या क्रियेला नाहीत. कोमेजणे, सुकणे, मलूल होणे, हिरमुसणे, मान टाकणे, गळणे, झडणे, आणि देवावरून उतरले की निर्माल्य होणे. उलट बाजूला पाहावे तर 'टिकवणे' हा एकच शब्द हाती लागतो, आणि तोही लोणच्या-पापडांच्या, धान्याच्या कणग्यांच्या कुळातला. फुलाला तो लावला की कानाला किंचित खटकतो. फुलाच्या आयुष्याचे माप सांगणारी आपली एक म्हण सर्वांना पाठ आहे : तेरड्याचा रंग तीन दिवस. ती माणसाच्या चंचलपणावर टीका म्हणून वापरली जाते. तिच्यामागे कोण्या घरात तेरडा आणून तीन दिवस तो न्याहाळणारी नजर होती, हे आपण विसरतो.

टेंभुर्णीसारख्या गावात मराठी शिकवताना आम्हाला हा विषय सुचला तो कवितेच्या तासांमधून. आपल्या कवितेत फूल दोनच टोकांना भेटते. एक, झाडावर किंवा हिरवळीवर, फुलण्याच्या क्षणी. बालकवींची 'फुलराणी' ही तिथली. दुसरे, पायदळी, पाण्यात, निर्माल्यात. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) हे मराठीतले फुलांकडे सर्वांत बारकाईने पाहणारे पुस्तक म्हणावे लागेल, पण त्यातही फूल झाडाचे, महिन्याचे, ऋतूचे आहे. घरात आणलेले नाही. खुडणे आणि कोमेजणे यांच्या मधले जे तास असतात, त्यांत फुलाला कोणी, कशात, कुठे ठेवले, हे वाङ्मयाने फारसे नोंदवले नाही. त्या मधल्या तासांचा थोडाबहुत इतिहास जुळवता येतो का, ते येथे पाहायचे आहे.

आरंभ शिळेपणापासून करावा लागतो. पूजाविधीच्या परंपरेत पर्युषित, म्हणजे रात्र उलटलेले, फूल वर्ज्य मानले आहे; पाण्याचेही तसेच. मात्र या नियमाला दिलेल्या सवलती नियमापेक्षा बोलक्या आहेत. तुळशीपत्राला शिळेपण नाही, गंगाजलाला नाही, बेलाच्या पानालाही नाही. वनस्पतीच्या अंगाने पाहिले तर तुळस आणि बेल ही पाने आहेत, फुले नव्हेत. पाकळीपेक्षा पान सावकाश सुकते आणि सुकल्यावरही तुळशीचा वास बराच काळ राहतो. पण सगळ्यांत रंजक सवलत वेगळीच आहे : माळ्याच्या घरी असलेल्या फुलाला शिळेपणाचा दोष लागत नाही. ही सवलत आम्हाला धर्मशास्त्रातल्या व्यवहारज्ञानाचा उत्तम नमुना वाटते. आदल्या सायंकाळी खुडल्याखेरीज पहाटेच्या काकड्याला हार तयार होणार नाहीत, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते. तेव्हा फूल व्यावसायिकाच्या घरात असेपर्यंत त्याचा काळ मोजायचाच नाही, ग्राहकाच्या उंबऱ्यात आले की घड्याळ सुरू करायचे, असा तोडगा निघाला. साठवणुकीचा प्रश्न शास्त्राने मान्य केला आणि त्याचे ओझे माळ्याच्या घरावर सोपवून दिले.

याच्या अगदी उलट व्यवहार नवरात्रात दिसतो. आमच्याकडे, तुळजापूरच्या छायेतल्या या भागात, घटावर रोज एक माळ चढते आणि पुष्कळ घरांत आधीची माळ काढत नाहीत. कारळ्याची फुले, तिळाची फुले, झेंडू, शेवंती, विड्याची पाने, जसे ज्याचे कुळाचार. नवव्या दिवशी घटावर ताज्या माळेच्या मागे सुकत गेलेल्या आठ माळा असतात. दिवसही 'आज पाचवी माळ' असेच मोजले जातात. वर्षभर शिळ्या फुलाला देवघरात जागा नसलेल्या घरात हे नऊ दिवस सुकणे हीच कालगणना होते.

म्हणजे मराठी घराला फूल आठ दिवस टिकवण्याची इच्छाच नव्हती. त्याची गरज एका रात्रीची होती. संध्याकाळी खुडलेली कळी सकाळच्या पूजेला उमललेली मिळावी, किंवा सकाळी आलेला मोगरा तिन्हीसांजेला गजऱ्यात फुलावा, एवढेच. आणि या एका रात्रीपुरते जे ज्ञान जमले होते, ते आजच्या वनस्पतिशास्त्राच्या कसोटीला चांगले उतरते.

मोगरा, जाई, जुई यांच्या कळ्या टपोऱ्या झाल्या की मिटलेल्याच खुडायच्या. उमललेले फूल वाहतुकीला आणि ओवण्याला निरुपयोगी. जास्वंदीची उद्या उमलणारी कळी ओळखायची ती तिच्या टोकाला डोकावणाऱ्या रंगावरून. ती पाण्याविना डब्यात ठेवली तरी सकाळी उमलते, कारण उमलण्याची सारी तयारी तिने झाडावरच केलेली असते आणि तिचे आयुष्य तसेही एका दिवसाचे. परडीत खाली केळीचे किंवा पळसाचे पान, वर ओले पण पिळलेले फडके, आणि परडी रांजणाच्या बुडाशी, जिथे झिरपणाऱ्या पाण्याने जमीन गार असते. पाणी फुलावर शिंपडायचे नाही, फडक्याला द्यायचे. पाकळीवर थेंब राहिला की तिथे डाग पडतो आणि डाग पडला की कूज लागते. या सगळ्याचा अर्थ आजच्या भाषेत सांगायचा तर तापमान उतरवा, हवेतली आर्द्रता वाढवा, श्वसन मंदावू द्या आणि बुरशीला पाणी मिळू देऊ नका. तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावू नये, ते झोपते, ही समजूतही इथे ध्यानात घ्यावी. सूर्यास्तापूर्वी खुडलेल्या फुलात दिवसभर तयार झालेली साखर भरपूर असते, पहाटे खुडलेल्यात पाणी भरपूर असते. परंपरेने हे दोन्ही मुहूर्त राखले आणि भर दुपार व रात्र टाळली. कारण जे सांगितले ते श्रद्धेचे होते. परिणाम मात्र उपयोगाचा झाला.

फुलपुड्याबद्दल एक स्वतंत्र लेख लिहिता येईल. पानात बांधून दोऱ्याने गुंडाळलेली, दाराच्या कडीला अडकवून ठेवलेली फुलपुडी ही शहरी मराठी घराची कित्येक वर्षांची सकाळ होती. पान श्वास घेऊ देते, ओल धरते आणि सुकले तरी फुलाला टोचत नाही. तिची जागा प्लॅस्टिकच्या पिशवीने घेतली. पिशवीत फुलाला घाम फुटतो, अगदी शब्दशः. तो थेंब पुन्हा फुलावर पडतो आणि दुपारपर्यंत शेवंतीच्या पाकळ्या तपकिरी होतात. पिशवीला चार भोके पाडावीत किंवा आत कोरडा कागद घालावा, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

काही फुले मात्र घराला हे श्रम करू देत नाहीत. पारिजातक पहाटे स्वतःच ओघळतो आणि उन्हे वर येईतो संपतो. अबोली, जिला वासच नाही, ती वेणीत पाण्यावाचून दोन-तीन दिवस रंग धरते. गोवा-कोकणात तिचे जे माहात्म्य आहे त्यात या गुणाचा वाटा असावा. बकुळीचे तर निराळेच. ती सुकते पण वास सोडत नाही. म्हणून वह्यांत, पातळांच्या घडीत, ट्रंकेत ती वर्षानुवर्षे राहते. मराठी घराने खऱ्या अर्थाने दीर्घकाळ जे जपले ते फूल नव्हे, वास आणि रस : बकुळ, केवड्याचे पान, गुलाबपाणी, अत्तर, गुलकंद.

आता देठाकडे येऊ, कारण आमच्या मते या विषयाची सारी गुंतागुंत देठात आहे.

वर आलेली फुले पुन्हा आठवावीत. मोगरा, जाई, जुई, चाफा, पारिजातक, बकुळ, अबोली, जास्वंद, कण्हेर, गोकर्ण. यांतले एकही फूल लांब देठावर उभे राहत नाही. आपले क्रियापद 'खुडणे' आहे, 'कापणे' नव्हे : दोन बोटांच्या नखांत धरून फुलाचे फक्त डोके घेणे. देवाच्या मस्तकावर, वेणीत, सुईदोऱ्यात देठाची अडचणच होते. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत माळा गुंफण्याची कला आहे, फुलांचे शेखर रचण्याची आहे, फुलांची शय्या घालण्याची आहे, फुलांची गाडी करण्याचीही आहे. पण पात्रात पाणी घालून फुले उभी करण्याची कला त्या यादीत वेगळी सांगितलेली नाही. महाराष्ट्री प्राकृतातल्या 'गाथासप्तशती'त फुले विकणारी माळीण येते आणि तिच्याभोवती विनाकारण भाव विचारत घुटमळणारा तरुणही येतो. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही बाजारपेठ आहे. तिथेही विकली जातात ती फुले, फुलांच्या काड्या नव्हेत.

यावर कोणी पूर्णघटाचे उदाहरण देईल आणि ते योग्यच आहे. सांची, भारहूत, अमरावतीच्या शिल्पांत तोंडापासून कमळे उसळणारा घट दिसतो. देठ, पाणी आणि पात्र तिघेही त्यात आहेत. पण कमळ हा अपवाद आहे, आणि तोही जरा फसवा. तोडलेली कमळाची कळी पाण्यात ठेवून बहुधा उमलत नाही, काळवंडते. शिल्पातला घट हे समृद्धीचे चिन्ह राहिले. घरातल्या कलशात मात्र आंब्याचा डहाळा किंवा विड्याची पाने आली आणि वर नारळ बसला. पानांची निवड करणाऱ्याला पाण्यात काय टिकते हे माहीत होते. जपानचा प्रवास याच्या उलट झाला. तिथे बुद्धापुढे पात्रात उभी वाहिलेली फुले हळूहळू क्योतोच्या इकेनोबो परंपरेत स्वतंत्र कला बनली. देव आणि फुलदाणी यांची तिथे फारकत पडली नाही. आपल्याकडे ती पडली, आणि कारण आम्हाला देठातच दिसते.

लांब देठाची फुले आपल्याकडे आली ती बहुतेक बाहेरून. गुलछडी मेक्सिकोची, डेलिया तिथलाच, ग्लॅडिओलस आणि जरबेरा आफ्रिकेचे, ॲस्टर चीनचा. झेंडू, ज्याच्यावाचून दसरा कल्पिता येत नाही, तोही अमेरिका खंडातून सोळाव्या शतकानंतर आला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी इथे क्षणभर थांबावे. आमच्यापासून जवळच, माढा तालुक्यातल्या अरणला संत सावता माळी यांची समाधी आहे. त्यांचा काळ १२५० ते १२९५ असा सांगतात. मळ्यातल्या भाजीपाल्यात विठ्ठल पाहणारा त्यांचा अभंग शाळेपासून सर्वांना परिचित आहे. प्रचलित पाठात त्यात मिरचीही येते. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली असेल तर तेराव्या शतकातल्या अभंगात ती कशी, हा प्रश्न वर्गात विचारला की एकदम शांतता पसरते. उत्तर सोपे आहे : अभंग गाणाऱ्यांच्या तोंडी वाढत राहिला आणि मळ्यात नवे पीक आले तसे ते ओळीतही आले. आम्हाला त्याहून कुतूहल वाटते ते दुसऱ्या गोष्टीचे. जातीने माळी असलेल्या या संताच्या सर्वांत गाजलेल्या अभंगात भाज्या आहेत, फुले नाहीत. मळ्याचा मालक पोटाच्या पिकात देव पाहतो. फूल वाहणे ही त्याच्या गिऱ्हाइकाची भक्ती.

या परक्या फुलांमध्ये गुलछडीचे नाव फार अर्थपूर्ण आहे. एकाच फुलाला आपण दोन नावे दिली. 'गुलछडी' म्हणताना डोळ्यांपुढे येते ती छडी, म्हणजे देठ. 'निशिगंध' म्हणताना देठ नाहीसा होतो आणि रात्रीचा वास उरतो. बाजारातही तिचे दोन संसार आहेत. एकेरी पाकळ्यांची सुटी फुले हारासाठी, तर दुहेरी पाकळ्यांच्या काड्या फुलदाणीसाठी. देवघर आणि दिवाणखाना यांच्यामधली रेषा एकाच झाडावरून गेलेली इतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

'फुलदाणी' शब्दातले 'दाणी' फारसीतून आले. अत्तरदाणी, पिकदाणी, गुलाबदाणी यांच्या पंगतीत ती बसते. शब्द दरबारी, पण मध्यमवर्गीय घरात ती वस्तू रुजवली इंग्रजी अमदानीने. भायखळ्याचा राणीचा बाग १८६२ मध्ये खुला झाला. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शने भरू लागली. टेबल आले, टेबलावर मधोमध काहीतरी हवे असे वाटू लागले. पुढे महिला मंडळांतून 'पुष्परचना' हा नवा, थोडासा पाठ्यपुस्तकी शब्द रूढ झाला आणि तिच्या स्पर्धा होऊ लागल्या. फुलाने आठ दिवस टिकावे ही अपेक्षा इथे जन्मली. ज्या घरात काल वाहिलेले फूल आज नकोसे होते, त्याच घरात शेजारच्या खोलीत चार दिवसांपूर्वीचे फूल अजून ताजे आहे याचे कौतुक सुरू झाले. सभासमारंभांतले पुष्पगुच्छ हेही त्याच घराण्याचे. प्रास्ताविक लांबले की पाहुण्यांच्या हातातला जरबेरा आधी मान टाकतो, हा आम्हा प्राध्यापकांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

मान का टाकतो, याचे उत्तर मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे. कापलेला देठ म्हणजे मूळ हिरावलेली नळी. फूल वरून बाष्प सोडत राहते आणि खालून जलवाहिन्यांनी पाणी ओढत राहते. कापताना या बारीक नळ्यांत हवा शिरली, किंवा पाण्यात वाढलेल्या जिवाणूंनी त्यांची तोंडे बुजवली, की वरचा ओढा चालू राहतो आणि पुरवठा थांबतो. मग डोक्याखालचा कोवळा भाग वाकतो. फुलदाणीत पाणी काठोकाठ असताना फूल तहानेने मरते ते असे. म्हणून देठ धारदार सुरीने, शक्यतो पाण्यात बुडवून, तिरका कापावा; पाण्याखाली येणारी पाने काढून टाकावीत, कारण ती कुजून जिवाणूंची मेजवानी होतात; पाणी एक दिवसाआड बदलावे आणि प्रत्येक वेळी देठाचे बोटभर टोक छाटावे. फुलदाणी आतून घासलेली असावी, हे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. जरबेऱ्याच्या लवदार देठाला चार बोटे पाणी पुरे. खोल पाण्यात तो कुजतो. मान टाकलेला गुलाब देठ नव्याने कापून अख्खा गार पाण्याच्या घमेल्यात तासभर आडवा ठेवला तर अनेकदा सावरतो.

साखर घालावी का? आम्ही उसाच्या मुलखात राहतो. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि या माळरानाचे रूपच पालटले, तेव्हा साखरेविषयी हात आखडता घेण्याचे आम्हाला कारण नाही. पण नुसती साखर फुलाआधी जिवाणूंच्या पोटात जाते आणि पाणी गढूळ होते. तिच्याबरोबर आंबट आणि जंतुनाशक असे दोन सोबती लागतात. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि कपडे धुण्याच्या ब्लीचचे काही थेंब, हे प्रमाण घरी पुरते. लिंबाचे काम दुहेरी : पाणी किंचित आम्ल झाले की ते देठातून सहज चढते. बोअरचे क्षारयुक्त जड पाणी म्हणूनच फुलांना मानवत नाही. त्याऐवजी साठवलेले पावसाचे किंवा फिल्टरचे पाणी घ्यावे. गढूळ पाण्यात फिरवायची आपली तुरटीही इथे उपयोगी, कारण ॲल्युमिनियमचे क्षार गुलाबासाठी व्यापारी द्रावणांतही वापरतात. ॲस्पिरिनच्या गोळीची ख्याती मोठी आहे, पण प्रयोगांत ती सातत्याने सिद्ध झालेली नाही. आणि नाण्यातून पाण्यात उतरणारे तांबे बहुधा अगदीच अपुरे.

दुसरा शत्रू हवेतला. शिकागोजवळच्या बागायतदारांची कार्नेशनची फुले दिव्याच्या गॅसने मिटून जातात, असे दिसल्यावर क्रॉकर आणि नाइट या दोघांनी १९०८ मध्ये त्यातला दोषी घटक इथिलीन असल्याचे दाखवले. त्याआधी १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये नेल्युबोव्हने वाटाण्याच्या रोपांवर त्याचा परिणाम ओळखला होता. पुढे १९७८ मध्ये हॉलंडमध्ये चांदीच्या एका संयुगाचे द्रावण देठात चढवून कार्नेशनला या वायूपासून वाचवण्याचा मार्ग सापडला आणि फुलांच्या जागतिक व्यापाराला त्याने मोठाच हात दिला. हाच इथिलीन पिकणारे फळ सोडते. टेंभुर्णी-कंदरचा पट्टा आज निर्यातीच्या केळीसाठी ओळखला जातो, आणि कच्ची केळी पिकवायला बंद खोलीत जो वायू देतात तो हाच. अढीत एक आंबा पिकला की शेजारचे पिकू लागतात, हे आपल्या आज्यांना पुस्तकाविना ठाऊक होते. त्याच न्यायाने केळीच्या फणीशेजारी ठेवलेली फुले एका रात्रीत वयाने वाढतात. फळांची टोपली आणि फुलदाणी एका टेबलावर मांडण्याचा चित्रकारांचा शिरस्ता घरी पाळू नये.

गोदरेजने १९५८ मध्ये भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली, आणि पुढच्या काही दशकांत रांजणाच्या बुडाची परडी फ्रिजच्या दारात आली. तेव्हा सोवळ्याचा प्रश्न उभा राहिला. कांदा, लसूण, उष्टे-खरकटे यांच्याशेजारी देवाची फुले कशी ठेवायची? तोडगा निघाला तो घट्ट झाकणाच्या स्वतंत्र स्टीलच्या डब्याचा. धर्माच्या कारणाने आलेल्या या डब्याने फुलांना फळांच्या इथिलीनपासून आणि फ्रिजच्या कोरड्या वाऱ्यापासूनही वाचवले. ऑर्किड आणि अँथुरियम ही उष्ण प्रदेशातली फुले तेवढी फ्रिजमध्ये ठेवू नयेत. थंडीने ती काळी पडतात.

हे सारे ज्ञान कोणाच्या हातांत होते, हा प्रश्न टाळून हा इतिहास सांगता येणार नाही. तो गुरवाच्या, माळ्याच्या आणि घरातल्या बायकांच्या हातांत होता, आणि या तिघांनीही तो लिहून ठेवला नाही. लिहिणाऱ्यांनी त्यांना विचारले नाही. कटगुणचे गोऱ्हे हे घराणे पुण्यात पेशवाईत फुलांचा व्यवसाय करू लागले आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. आधुनिक महाराष्ट्राच्या विचाराला वळण देणाऱ्या जोतीरावांचे (१८२७-१८९०) आडनाव एका नाशवंत मालाच्या व्यापारातून आले. पेशव्यांच्या घरी फुले कशी लागली याची वर्णने मिळतात. ती फुले रात्रभर ताजी ठेवून पहाटे पोचवणाऱ्या घरातली रात्र कशी होती, याचे वर्णन नाही.

घरातल्या बायकांतही एक वर्ग असा होता की ज्याने फुले सर्वाधिक हाताळली आणि ज्याला ती निषिद्ध होती. वाती वळणे, दूर्वा निवडणे, देवासाठी हार ओवणे ही कामे घरातल्या विधवेकडे असत. मोगऱ्याची कळी संध्याकाळी केव्हा उमलेल हे तिला अचूक कळे. गजरा मात्र दुसरीच्या केसांत जाई. १८९६ मध्ये महर्षी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव मे २०२२ मध्ये करावा लागला. त्या ठरावामागची प्रेरणा आमच्या शेजारच्या करमाळा तालुक्यातून गेली होती, याचा आम्हाला अभिमान वाटतो, आणि तो ठराव एवढ्या उशिरा लागला याची खंतही.

माळ्याच्या घरचे फूल शिळे होत नाही, ही जुनी सवलत आता कोणाला आठवत नाही. पण तिने टाकलेले ओझे जिथल्या तिथे आहे. मावळात पॉलिहाऊस उभी राहिली, तळेगाव दाभाड्याला सुगी पश्चात तंत्रज्ञान शिकवणारी राष्ट्रीय संस्था आली, गुलाब तिथून शीतपेटीत परदेशी जातो. झेंडू-शेवंतीच्या वाट्याला ती साखळी क्वचितच येते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, देवळे आणि मंगल कार्यालये बंद झाली, तेव्हा कांदा चाळीत थांबू शकला, फूल थांबू शकले नाही. उभ्या फुलशेतीवर नांगर फिरले. आणि आता समारंभांच्या कमानींवर प्लॅस्टिकची फुले चढली आहेत, जी अजिबात कोमेजत नाहीत. त्यांच्यावर बंदी घालावी अशी मागणी फूल उत्पादकांनी लावून धरली आहे.

पुणे-सोलापूर महामार्ग आमच्या गावावरून जातो. रात्री भरलेला फुलांचा टेम्पो पहाटे गुलटेकडीच्या बाजारात पोचायचा असतो. तिथे देठाची फुले गड्डीवर विकली जातात आणि सुटी फुले किलोवर. गड्डीतल्या गुलाबाच्या देठाला पाणी मिळाले तर तो आठवडाभर उभा राहतो आणि त्याचा भाव चढतो. सुट्या झेंडूला पाणी लागले तर वजन वाढते, पण आतून कूज सुरू होते. पावसात भिजलेला माल आला की व्यापारी मूठभर फुले उचलतो, दाबून पाहतो आणि भाव पाडतो. म्हणून तोडणी करणारी बाई पाऊस नसेल त्या दिवशीही दव उतरेपर्यंत थांबते, फुले सावलीत पसरते, आणि पोते पाण्यात बुडवून, घट्ट पिळून, मगच क्रेटवर टाकते.